वेबपेजवर टूलटिप, पॉपओव्हर, मेन्यू नीट कसे करायचे (आधी बंद कसे होणार ते ठरवा)

कॅलेंडरमधल्या तारखेवर बोट ठेवलं की एक छोटा डबा उघडतो, त्यात त्या दिवशी किती खोल्या शिल्लक आहेत, पालखी आहे का, जेवणाची सोय आहे का, एवढंच लिहिलेलं. गोव्यात फोंडा भागातल्या एका देवस्थानाच्या अग्रशाळेसाठी (भाविकांच्या मुक्कामाची जागा) बुकिंगचं पान केलं तेव्हा मला हे दोन तासांचं काम वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात अग्रशाळेच्या ऑफिसातल्या काकांचा फोन, "बाब, मुंबईहून एक बाई फोन करतायत, त्यांना १६ तारीख दाबायचीय पण १५ तारखेचा डबा १६च्या वर बसलाय आणि जातच नाही." जात नव्हता कारण माउस बाजूला गेला की बंद हो एवढंच मी लिहिलं होतं, आणि फोनला माउस नसतो. लॅपटॉपवर सगळं मस्त चालत होतं म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही.

तेव्हापासून असा कुठलाही डबा करायला घेतला की तो बंद कसा होणार ते मी आधी ठरवतो, उघडण्याचं नंतर. खाली जे लिहिलंय ते बेसिक एचटीएमएल सीएसएस येणाऱ्यांसाठी आहे, रिअ‍ॅक्ट वापरा व्ह्यू वापरा की काहीच वापरू नका, गोष्टी त्याच राहतात.

डबा हवाय का मुळात?

आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, "आपण महाजन आहात का?" गोव्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, देवस्थानाच्या यादीत ज्या घराण्यांची नोंद आहे ते महाजन. पण पुण्याहून पहिल्यांदा कुलदैवताला येणारा पंचविशीतला मुलगा हा शब्द वाचून सावकार समजणार. मग मी शब्दाच्या बाजूला गोलात आय असलेला आयकॉन लावला, त्यावर माउस नेला की अर्थ दिसायचा. लोक त्या आयकॉनकडे बघतच नव्हते, सरळ "हो" करून पुढे जायचे आणि मग ऑफिसात जाऊन कळायचं की आपली नोंदच नाही. शेवटी आयकॉन काढला आणि प्रश्नाच्याच खाली बारीक अक्षरात एक ओळ लिहिली, ऑफिसातली तक्रार संपली.

म्हणून पहिलं हेच बघा, हे वाचल्याशिवाय माणूस चुकणार आहे का? चुकणार असेल तर ते पानावर उघडं ठेवा, डब्यात लपवू नका. डबा त्या मजकुरासाठी जो काहींना कधीतरी लागतो आणि न वाचताही काम अडत नाही.

डबा हवाच असेल तर आत काय आहे त्यावरून प्रकार ठरतो, दिसायला कसा आहे त्यावरून नाही. नुसती एक ओळ, बटणाचं नाव वगैरे, आत दाबण्यासारखं काही नाही, तर टूलटिप. आत लिंक आहे, दोन तीन ओळी आहेत, एखादं बटण आहे, तर पॉपओव्हर. कामांची यादी आहे, बदला, प्रिंट, रद्द करा अशी, तर मेन्यू. आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, म्हणजे "हे बुकिंग रद्द करायचं का?" असं काही, तर मोडल, मागचं पान झाकलेलं आणि निर्जीव. माझं मत विचाराल तर मोडल खूपच जास्त वापरलं जातं. माणूस तारखा एकमेकींशी ताडून बघतोय आणि आपण दर तारखेला अख्खं पान काळं करतो, हे बरोबर नाही.

मेन्यूबद्दल एक गोष्ट, कारण इथे बरेच जण चुकतात. साइटच्या वरच्या पट्टीत "सेवा" वर क्लिक केलं की खाली पाच लिंका उघडतात त्याला रोल (ही वस्तू काय आहे ते सांगणारा अ‍ॅट्रिब्यूट) मेन्यू देऊ नका. तो रोल दिला की स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला अ‍ॅपसारखा मेन्यू अपेक्षित असतो, वरखाली बाणांनी फिरायचं, होम एंड चालायला हवं, पहिलं अक्षर दाबलं की तिथे उडी. ते सगळं तुम्ही लिहिणार नसाल तर साधं बटण, त्यावर आरिया-एक्स्पांडेड, आणि खाली लिंकांची साधी यादी. पुरतं.

बंद करणं

डबा उघडायचा रस्ता सहसा एकच असतो, बटण. बंद करायचे रस्ते मात्र बरेच लागतात आणि प्रत्येक माणूस आपल्या सवयीने वेगळा वापरतो. कीबोर्डवाला एस्केप दाबतो, फोनवाला बाहेर कुठेतरी टॅप करतो, काही जण ज्या बटणाने उघडलं तेच परत दाबतात, अँड्रॉइडवाले बॅक करतात, आणि माझ्या आईच्या वयाची माणसं फुली शोधतात, फुली दिसली नाही तर काहीच करत नाहीत, फोन बाजूला ठेवून देतात. त्यामुळे पॉपओव्हरमध्ये फुलीचं बटण दिसतं ठेवा, "बाहेर टॅप केलं की जातंच की" हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नाही. फुलीच्या चिन्हाला "बंद करा" असं नाव पण द्या, नाहीतर स्क्रीन रीडर तिथे गुणिलेचं चिन्ह म्हणून काहीतरी वाचेल.

बंद झाल्यावर फोकस (कीबोर्डने फिरताना आत्ता आपण जिथे आहोत ती जागा) कुठे जातो हे त्याहून महत्त्वाचं. टॅबने फिरणारा माणूस १५ तारखेवर होता, डबा उघडला, आतलं वाचलं, बंद केला, आता फोकस परत १५ तारखेवरच यायला हवा. तो पानाच्या सुरुवातीला गेला तर त्या माणसाला पुन्हा सगळा हेडर, सगळा मेन्यू ओलांडून टॅब टॅब करत यायला लागतं, आणि हे दर तारखेला. आणि एक कोपऱ्यातली केस, मेन्यूतून "काढून टाका" दाबलं आणि ती ओळच गेली, तर ज्या बटणावर परत यायचं तेच उरत नाही. तेव्हा फोकस यादीतल्या पुढच्या ओळीवर न्या, पुढची नसेल तर यादीच्या शीर्षकावर.

बाहेर टॅप केल्यावर तो टॅप खालच्या वस्तूलाही लागतो का, हे पण ठरवायचं असतं. ब्राउझरच्या स्वतःच्या पॉपओव्हरमध्ये तो लागतो, म्हणजे डबा बंद होतो आणि ज्यावर बोट पडलं ते बटणही दाबलं जातं. कॅलेंडरला हे छान आहे, १५चा डबा उघडा असताना १६ दाबलं की एकाच टॅपमध्ये १६चा उघडतो. पण डब्याच्या शेजारी "पैसे भरा" बटण असेल तर नुसता डबा घालवायला गेलेला माणूस पैशांच्या पानावर पोचेल, तेव्हा अशी बटणं डब्याच्या आजूबाजूला ठेवू नका.

आणि डब्यात लिहायची जागा असेल, नाव नंबर वगैरे, तर बाहेर चुकून बोट लागून लिहिलेलं गेलं असं होता कामा नये. बंद झाला तरी लिहिलेलं सांभाळून ठेवा, परत उघडल्यावर तिथेच दिसू दे. सहा माणसांची नावं टाईप करून गेलेली परत टाईप करायला कोण बसणार.

टूलटिप

टूलटिप दिसायला सगळ्यात लहान पण नियम हिचेच जास्त. एचटीएमएलचा टायटल अ‍ॅट्रिब्यूट वापरून काम भागवू नका, फोनवर तो दिसत नाही, कीबोर्डने पण दिसत नाही, अक्षराचा आकार बदलता येत नाही. स्वतःची टूलटिप करा, तिला रोल टूलटिप द्या आणि बटणाला आरिया-डिस्क्राइब्डबायने जोडा. बटणावर नुसताच आयकॉन असेल आणि टूलटिप हेच त्याचं नाव असेल तर आरिया-लेबल्डबाय.

डब्ल्यूसीएजी (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले नियम) २.१ मध्ये, म्हणजे २०१८ पासून, १.४.१३ नंबरचा नियम नेमका यासाठीच आहे. माउस नेल्यावर किंवा फोकस आल्यावर जे काही उघडतं ते माउस न हलवता बंद करता आलं पाहिजे (एस्केपने), माउस त्या डब्यावरच नेला तर तो नाहीसा होता कामा नये, आणि आपोआप काही सेकंदांनी जाता कामा नये. मधली अट लोक सोडून देतात. ज्याने स्क्रीन चारपट मोठी केलीय त्याला टूलटिपचा अर्धाच भाग दिसतो, बाकी वाचायला तो माउस तिकडे नेतो, आणि बटण आणि टूलटिपच्या मधली ८ पिक्सेलची फट ओलांडताना टूलटिप गायब. त्या फटीत एक अदृश्य सूडो-एलिमेंट पूल म्हणून टाका किंवा बंद करायला थोडा उशीर लावा, मी २०० मिलिसेकंद ठेवतो. उघडायला पण थोडा उशीर हवा, ३०० च्या आसपास, नाहीतर माउस टूलबारवरून नुसता आडवा नेला तरी ओळीने फटाके वाजल्यासारख्या टूलटिप उघडतात. फोकसने आली तर मात्र उशीर नको, लगेच दाखवा.

मेन्यूच्या आत आणखी मेन्यू असेल तर माउस तिरका जातो आणि वाटेत दुसऱ्या ओळीला लागतो, उघडलेला बंद होऊन भलताच उघडतो. मॅकिन्टॉशच्या जुन्या मेन्यूंपासून यावर उपाय आहे, माउसपासून आतल्या मेन्यूच्या दोन कोपऱ्यांपर्यंत एक त्रिकोण धरायचा आणि माउस त्या त्रिकोणात असेपर्यंत काही बदलायचं नाही. पण खरं सांगू, वेबवर मेन्यूत मेन्यू टाळाच.

फोनवर टूलटिप नसतेच असं धरून चाला. हॉवर (न दाबता नुसता माउस वर नेणं) आहे का हे मीडिया क्वेरीने विचारता येतं, पण टचस्क्रीनवाले लॅपटॉप दोन्ही असतात, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकू नका. फोनवर आयकॉनखाली नाव लिहा, किंवा आयकॉन दाबल्यावर उघडणारा छोटा पॉपओव्हर करा.

झेड-इंडेक्स ९९९९९

हे मी इतक्यांदा बघितलंय की वेगळं लिहावंसं वाटतं. डबा कशाच्या तरी खाली जातो, मग कोणीतरी झेड-इंडेक्स ९९९ करतं, पुढच्या महिन्यात हेडर वर येतो म्हणून दुसरं कोणी ९९९९ करतं, शेवटी नवे अंक लावूनही फरक पडत नाही आणि का पडत नाही ते कळत नाही.

कारण झेड-इंडेक्सची तुलना अख्ख्या पानात होत नाही, एकाच स्टॅकिंग कॉन्टेक्स्टच्या आत होते. चवथीला (गणेश चतुर्थीला) दोन टेबलं शेजारी मांडलीत, एक बुटकं एक उंच, असं समजा. बुटक्या टेबलावर तुम्ही दहा डबे एकावर एक रचले तरी ते त्याच टेबलाचे, ब्राउझर आधी अख्खं बुटकं टेबल काढतो आणि मग अख्खं उंच टेबल त्याच्यावर काढतो. आणि नवं टेबल तयार व्हायला फार काही लागत नाही, ट्रान्सफॉर्म लावला, ओपॅसिटी १ पेक्षा कमी केली, फिल्टर लावला, विल-चेंज मध्ये यातलं काही लिहिलं, की झालं. कोणीतरी कार्डवर माउस नेल्यावर ते जरा उचलल्यासारखं दिसावं म्हणून ट्रान्सफॉर्म लावतं आणि त्या कार्डातला मेन्यू शेजारच्या कार्डाखाली जातो. चूक मेन्यूत शोधत बसतो आपण, ती कार्डात असते.

दुसरा त्रास ओव्हरफ्लोचा. टेबल आडवं सरकावं म्हणून ओव्हरफ्लो ऑटो दिलेलं असतं आणि शेवटच्या ओळीतला मेन्यू कडेला कापला जातो. मग लोक पोझिशन फिक्स्ड करून बघतात, ते बऱ्याचदा चालतं, पण वरच्या कुठल्या तरी एलिमेंटला ट्रान्सफॉर्म असेल तर फिक्स्ड पण स्क्रीनऐवजी त्याच एलिमेंटला धरून बसतो. मी एकदा यात अख्खी दुपार घालवलीय.

चवथीची माटोळी (गणपतीच्या वर फळंपानं बांधलेली चौकट) आपण टेबलावर रचत नाही ना, ती छताला बांधतो, खाली कितीही पसारा असो. ब्राउझरमध्ये ते छत म्हणजे टॉप लेयर. डायलॉग एलिमेंट शो-मोडलने उघडला किंवा एखाद्या एलिमेंटला पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूट देऊन उघडला की तो टॉप लेयरमध्ये जातो, तिथे खालच्या कोणाचाही झेड-इंडेक्स, ओव्हरफ्लो, ट्रान्सफॉर्म त्याला लागू पडत नाही. डायलॉग सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये मार्च २०२२ पासून आहे. पॉपओव्हर क्रोममध्ये ११४ पासून आणि सफारीत १७ पासून म्हणजे दोन्हीकडे २०२३ मध्ये आला, फायरफॉक्समध्ये १२५ पासून, एप्रिल २०२४. आता नवीन काम असेल तर इथूनच सुरुवात करा.

वापरायला सोपं आहे. डब्याला आयडी आणि पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूट, बटणाला पॉपओव्हरटार्गेटमध्ये तोच आयडी, झालं, जावास्क्रिप्टची एक ओळ नाही. एस्केप, बाहेरचा टॅप, एक उघडला की आधीचा बंद, हे सगळं ब्राउझर करतो, बटण उघडं आहे की बंद हे स्क्रीन रीडरला पण तोच सांगतो. अँड्रॉइडच्या क्रोमवर बॅक केलं तरी बंद होतो. पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूटची किंमत ऑटो असेल तर हे असं, मॅन्युअल दिली तर आपोआप काही बंद होणार नाही, सगळं तुमच्यावर. "बुकिंग सेव्ह झालं" अशा खाली येणाऱ्या पट्टीला मॅन्युअल, बाकी जवळपास सगळीकडे ऑटो.

दोन गोष्टींना लोक अडखळतात. एक, पॉपओव्हर उघडतो तो स्क्रीनच्या मधोमध, कारण ब्राउझरची स्वतःची स्टाइल इनसेट शून्य आणि मार्जिन ऑटो अशी असते, बटणाजवळ आणायचा तर ते दोन्ही आधी काढावे लागतात. दुसरं, पॉपओव्हर ही फक्त वागणूक आहे, अर्थ नाही. हा मेन्यू आहे की माहितीचा डबा आहे की अजून काही, ते ब्राउझरला कळत नाही, रोल आणि नाव तुम्हीच द्यायचं. फोकसही तो आपणहून आत नेत नाही, हवा असेल तर आतल्या एखाद्या एलिमेंटला ऑटोफोकस द्या.

कुठे उघडायचा

ज्या वस्तूबद्दल आहे तिला चिकटून, पण तिला न झाकता. आणि माणूस जे ताडून बघतोय ते पण न झाकता, हे आमच्या कॅलेंडरने मला शिकवलं. तारखेचा डबा खाली उघडला तर पुढचा आठवडा झाकला जातो, आणि खोली शोधणारा माणूस नेमका पुढचाच आठवडा बघत असतो. बाजूला उघडला तर निदान एकच ओळ झाकली जाते. मोठ्या स्क्रीनवर आम्ही कॅलेंडरच्या बाहेर, उजवीकडे, त्याच आठवड्याच्या उंचीला उघडतो.

कडेला जागा नसेल तर काय हे आधीच लिहून ठेवा. क्रम असा लावा, ठरलेल्या बाजूला मावला तर तिथे, नाही तर समोरच्या बाजूला पलटी, तरी नाही तर कडेकडेने जितका सरकवता येईल तितका सरकवा, तरी नाही तर उंचीला मर्यादा घालून आत स्क्रोल. हे हाताने गणित करत बसू नका. फ्लोटिंग यूआय नावाची लायब्ररी आहे, पॉपर केलेल्या मंडळींचीच पुढची, तिच्यात ऑफसेट, फ्लिप, शिफ्ट असे तुकडे आहेत, ते जोडायचे. ऑफसेट पहिला ठेवा, बाकीचे त्याच्या नंतर, आणि स्क्रोल झाल्यावर परत जागा मोजायला ऑटोअपडेट लावायला विसरू नका, डबा बंद झाल्यावर ते थांबवायलाही.

आता सीएसएसमध्येच अँकर पोझिशनिंग आलंय, क्रोम १२५ पासून (मे २०२४) आणि सफारी २६ पासून. बटणाला अँकर-नेम, डब्याला पोझिशन-अँकर आणि पोझिशन-एरिया, आणि जागा नसेल तर पलटी मारायला पोझिशन-ट्राय-फॉलबॅक्स मध्ये फ्लिप-ब्लॉक, फ्लिप-इनलाइन. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत हे नाही. मी सपोर्ट्सची अट घालून लिहितो, ज्या ब्राउझरला येत नाही तिथे डबा मधोमध उघडतो, दिसायला साधा पण वाचता येतो आणि बंद होतो. एका छोट्या अग्रशाळेच्या साइटसाठी अख्खी लायब्ररी उतरवून घ्यायला लावण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

डब्याला बाण काढायचा असेल तर तो सरकवल्यावरही बटणाकडेच बघतोय ना ते तपासा. शेजारी शेजारी सात तारखा असताना बाण चुकीच्या तारखेवर गेला तर डबा खोटं बोलतो. मी बाण काढतच नाही, ज्या तारखेने उघडलाय तिलाच डब्याच्या रंगाची बॉर्डर देतो, ती कधी चुकत नाही.

आतला मजकूर नेटवरून येत असेल तर एक गोष्ट जपा. सत्तरीत, घाटाकडच्या गावात नेटवर्क येतं जातं, डबा उघडतो तेव्हा आत फक्त फिरणारं चक्र, मग दोन सेकंदांनी मजकूर येतो, डबा एकदम वाढतो आणि माणूस जे दाबायला बोट नेत होता ते खाली सरकून बोट भलतीकडे पडतं. डब्याला सुरुवातीलाच कमीत कमी उंची द्या, बटण वरती ठेवा आणि येणारा मजकूर त्याच्या खाली. नाहीच आलं तर "माहिती आली नाही, परत बघा" असं बटणासकट लिहा, चक्र फिरत ठेवू नका.

फोन

अरुंद स्क्रीनवर बटणाला चिकटलेला डबा हा हट्ट सोडा. खालून वर येणारी पट्टी करा, अंगठा तिथेच असतो. खालच्या कडेला सेफ एरिया इनसेटची जागा सोडा, नाहीतर आयफोनची खालची रेघ बटणावर बसते. उंची व्हीएचने मोजू नका, अ‍ॅड्रेस बार आत बाहेर होतो, डीव्हीएच वापरा. आत टाईप करायचं असेल तर कीबोर्ड उघडून बघा, "पुढे जा" बटण कीबोर्डच्या मागे गेलेलं मी बऱ्याच साइटवर बघितलंय.

दाबायच्या गोष्टी डब्ल्यूसीएजी २.२ प्रमाणे निदान २४ बाय २४ पिक्सेल, पण ते कमीत कमी झालं, अ‍ॅपल ४४ सांगतं, गूगलचं मटेरियल ४८. फुलीला तरी मी ४४ च्या खाली जात नाही.

आणि उन्हात बघा हो. मिरामारला दुपारी बारा वाजता फोन उघडून बघा, पांढऱ्या पानावरचा पांढरा डबा, फक्त हलक्या सावलीने वेगळा केलेला, अजिबात वेगळा दिसत नाही. सावली ठेवा पण सोबत खरी बॉर्डर द्या, मागच्या रंगाशी निदान ३ ला १ असा फरक असलेली. विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये तर बॉक्स-शॅडो निघूनच जाते, तिथेही बॉर्डर हवीच.

मराठीत डबा केला की

हे इंग्रजीत लिहिलेल्या गाइडमध्ये सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. लांब मजकूर तीन टिंबांनी कापायची सवय सगळ्यांना असते, आणि मराठीत नकार शेवटी येतो. "या दिवशी खोली उपलब्ध नाही" हे वाक्य रुंदी कमी पडली म्हणून कापलं की "या दिवशी खोली उपलब्ध…" एवढंच उरतं. अर्थ उलटा! आमच्याकडे हे टेस्टिंगमध्येच दिसलं म्हणून वाचलो, नाहीतर लोक सामान घेऊन दारात आले असते. डब्यात वाक्य कधीच कापू नका, ओळ मोडू द्या. आणि मुख्य गोष्ट पुढे आणा, आता आम्ही पहिला शब्दच "भरलं" किंवा "शिल्लक २" असा लिहितो, बाकीचं स्पष्टीकरण त्याच्या नंतर.

रुंदी सीएच युनिटमध्ये देऊ नका, ते शून्य या इंग्रजी आकड्याच्या रुंदीवर चालतं, देवनागरीशी त्याचा संबंध नाही. ईएम किंवा रेममध्ये द्या, माहितीच्या डब्याला १८ ते २० ईएम मला बरं वाटतं. लाइन-हाइट इंग्रजीला १.३ चालते, आपल्याला १.६ च्या आसपास लागते, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत जातात. टूलटिपला ठरावीक उंची आणि ओव्हरफ्लो हिडन असेल तर पहिल्या ओळीची वेलांटी कापलेली दिसेल, उंची पॅडिंगने येऊ द्या. लेटर-स्पेसिंग लावू नका, शिरोरेषा तुटते, शीर्षक डिझायनरने कितीही ऐटीत विरळ केलेलं असू दे.

पान इंग्रजी आणि डबा मराठी असेल, गोव्यात असं पान हमखास असतं, तर डब्यावर लँग एमआर लिहा. त्याने स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

हालचाल

कमी. उघडायला १५० मिलिसेकंद, बंद व्हायला त्याहून कमी. पॉपओव्हर डिस्प्ले नन मधून येतो त्यामुळे साधं ट्रान्झिशन लागत नाही, स्टार्टिंग-स्टाइल आणि अलाउ-डिस्क्रीट लागतं. प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन असेल तर हालचाल काढून टाका, काही लोकांना खरंच गरगरतं.

तपासायचं कसं

लॅपटॉपवर माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब, एंटर, एस्केप. मग झूम ४०० टक्के, म्हणजे १२८० ची स्क्रीन ३२० ची होते, डबा आडवा स्क्रोल न करता वाचता येतोय का. मग अँड्रॉइडवर टॉकबॅक (त्यातलाच स्क्रीन रीडर) चालू करून डोळे मिटून एक बुकिंग. आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या फोनवर, ज्यात अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली असतात, तुमच्या फोनवर नाही. माझ्या मावशीच्या फोनवर आमचा डबा इतका वाढला की फुली स्क्रीनच्या वर निघून गेली होती. तेव्हापासून फुली आणि शीर्षक वर स्टिकी, मजकूर आत सरकतो.

अग्रशाळेच्या कॅलेंडरचं शेवटी काय केलं ते सांगतो. फोनवर तारखांच्या वर काहीच उघडत नाही. महिन्याच्या खाली एक पट्टी कायमची आहे, तारीख दाबली की तिच्यात त्या दिवसाची माहिती येते, काहीच दाबलं नसेल तर आजची, आणि स्क्रीन रीडरला कळावं म्हणून तिला रोल स्टेटस. म्हणजे फोनवर डबाच नाही, बंद करायचा प्रश्नच नाही. मोठ्या स्क्रीनवर उजवीकडचा पॉपओव्हर. कोड दोन ठिकाणी लिहावा लागला, चालेल. आता तुमच्या कामात जो डबा सगळ्यात जास्त वापरला जातो तो उघडा, माउसला हात न लावता पानातल्या शेवटच्या बटणापर्यंत टॅब करत जा, तिथला डबा उघडा, एस्केप दाबा आणि फोकस कुठे गेला ते बघा. त्याच बटणावर असेल तर पुढची तपासणी घ्या, नसेल तर आज तेवढंच दुरुस्त करा.